तीन महिन्यांत जांभळी पडलेली फिल्म: दुकानदाराशी भांडण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा. भुसावळच्या एका गाडीमालकाने फेब्रुवारीत जळगावच्या एका दुकानात हॅचबॅकच्या सगळ्या काचांना, पुढच्या मोठ्या काचेसकट, फिल्म लावून घेतली. बिल हाताने लिहिलेलं: ‘सिरॅमिक फिल्म ५०, फुल गाडी, ५ वर्षं गॅरंटी, ११,५०० रुपये’. मे उजाडला तेव्हा मागच्या काचेवर बुडबुड्यांचं जाळं झालं होतं. ड्रायव्हरकडची आणि मागची काच जांभळट दिसू लागली होती. गाडी पूर्वीइतकीच तापते, टोलवर फास्टॅग वाचला जात नाही आणि ड्रायव्हरच्या दाराचं काचेचं बटण फिल्म लावल्यापासून अडकतं. त्यातच पोलिसांचं चलान आलं. दुसऱ्या दुकानात काचेतून किती टक्के उजेड आत येतो ते मोजणारं मीटर लावून घेतलं तर बाजूच्या काचेवर ३८ आकडा निघाला. मूळ दुकानदार आधी म्हणाला, ‘ऊन लागनं का बसी जाई भाऊ.’ आता म्हणतो, दोष तुमच्या काचेतच आहे. पैसे परत मागावेत की दुसरी फिल्म लावून घ्यावी, असा प्रश्न आहे.

तक्रारी सहा आहेत, पण त्यांचं मूळ एक नाही. काही फिल्मचा दोष आहे, काही हाताचा, एक चुकीच्या सल्ल्याचा, आणि एक तक्रार बरीचशी दोषच नाही. सगळं एकदम काउंटरवर ओतलं की दुकानदार त्यातली सगळ्यात कच्ची तक्रार उचलतो (‘भाऊ, मे महिन्यात गाडी तापणारच’) आणि बाकीच्या तिच्याखाली गाडल्या जातात. म्हणून सुरुवात पक्क्या मुद्द्यापासून करा. तुमचा पक्का मुद्दा जांभळा रंग आहे.

स्वस्त फिल्मला काळा रंग मिळतो तो दोन-तीन रंगद्रव्यं मिसळून. उन्हातल्या अतिनील किरणांनी ही द्रव्यं सारख्या वेगाने उडत नाहीत. काही आधी जातात, मागे राहतात त्यांनी काच जांभळी किंवा लालसर दिसते. सिरॅमिक आणि कार्बन फिल्ममध्ये रंगाचं काम बारीक घन कण करतात आणि ते उन्हाने असे विटत नाहीत. तेव्हा ‘सिरॅमिक’ म्हणून विकलेली फिल्म तीन महिन्यांत जांभळी पडली, तर ती सिरॅमिक नव्हती, निदान त्या दोन काचांवरची तरी नव्हती. काचेच्या दोषाने फिल्म जांभळी पडत नाही. काच जुनी असो, हिरवट असो, ओरखडलेली असो, जांभळा रंग फिल्ममधूनच येतो. इथे दुकानदाराकडे उत्तर नाही.

याचा फोटो काढायची सोपी रीत आहे. ड्रायव्हरची काच अर्धी खाली करा. बाहेरून पांढरा कागद असा धरा, की त्याचा खालचा अर्धा भाग काचेतून दिसेल आणि वरचा अर्धा थेट. आतून, दुपारच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून फोटो घ्या. एकाच कागदाचे दोन रंग एकाच चौकटीत आले की कॅमेऱ्याने रंग बदलला, ही सबब उरत नाही.

फिल्म खरोखर उष्णतेच्या किरणांना अडवते का, हे घरीही ढोबळमानाने कळतं. टीव्हीच्या रिमोटमधला दिवा अवरक्त प्रकाश सोडतो, साधारण ९४० नॅनोमीटरचा. डोळ्याला तो दिसत नाही, पण बऱ्याच मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यात जांभळट-पांढरा ठिपका दिसतो. रिमोट काचेबाहेर, मोबाइल आत, आणि बटण दाबून ठेवा. नुसता रंग दिलेली फिल्म डोळ्याला कितीही काळी वाटली तरी हा ठिपका जवळजवळ जसाच्या तसा पुढे जाऊ देते. सिरॅमिक फिल्ममधून तो अगदी मंद दिसतो किंवा दिसतच नाही. एक काळजी घ्या: आजकालच्या गाड्यांची हिरवट काच स्वतःच थोडा अवरक्त प्रकाश खाते, म्हणून त्याच मॉडेलच्या बिनफिल्मच्या गाडीशी तुलना करा. फिल्मचा सुटा तुकडा मिळाला तर तोच कॅमेऱ्यासमोर धरा, ते सगळ्यात चांगलं. सुट्या तुकड्याची आणखी एक परीक्षा आहे. गोंदाच्या बाजूवर नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनमध्ये भिजवलेला कापूस घासा. कापसाला काळा-तपकिरी रंग लागला तर रंग गोंदातच कालवलेला आहे, आणि ती सगळ्यात स्वस्त जात. हा प्रयोग गाडीवर लावलेल्या फिल्मवर मात्र करू नका.

आता बुडबुडे. ‘बसून जाईल’ हे दुकानदाराचं म्हणणं दर वेळी खोटं नसतं. फिल्म पाण्यावरच लागते, आणि रबराच्या पट्टीने कितीही ओढलं तरी थोडं पाणी मागे राहतं. ते फिल्ममधूनच हळूहळू उडून जातं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये चार-पाच दिवसांत, थंडीत दोन-तीन आठवड्यांत, पावसाळ्यात महिनाभरात. पाण्याचा फुगा मऊ असतो, बोटाने दाबला तर सरकतो, त्यामागचं दृश्य धूसर किंवा लाटांसारखं दिसतं आणि दर दोन दिवसांनी तो लहान होत जातो. महिना उलटला की मात्र या सबबीची मुदत संपली. फेब्रुवारीतलं पाणी मेमध्ये बसायचं राहत नाही, तेही भुसावळच्या उन्हात.

धुळीचा दाणा वेगळा. तो टणक असतो, दाबून हलत नाही, आणि जवळून पाहिलं तर मधे बारीक ठिपका आणि भोवती तंबूसारखी उचललेली फिल्म दिसते. तो कधीच बसत नाही. आपल्याकडे याची कारणं उघड आहेत: हायवेला तोंड करून उघडं शटर, काळ्या मातीची धूळ, मेमधला वारा, आणि दिवाळीच्या आगेमागे जिनिंगकडून उडत येणारा कापसाचा तूस. काम जाणणारा दुकानदार फिल्म लावायच्या आधी शटर ओढतो, पंखा बंद करतो, फरशीवर पाणी मारतो आणि अंगात सुती, तूस सुटणारा कपडा घालत नाही. एका काचेवर दोन-तीन दाणे हात जवळ नेल्यावर दिसत असतील तर ते सोडून द्यावेत, शून्य धूळ कुणालाच जमत नाही. सीटवर बसून समोर पाहताना नजरेला टोचणारे दाणे असतील, तर ती काच पुन्हा करून मागण्यासारखी आहे.

तिसरा प्रकार म्हणजे तुमच्या मागच्या काचेवरचा. पहिले दोन महिने काच स्वच्छ, मग एकदम शेकडो बारीक फुगे, आणि तेही जिथे ऊन थेट पडतं तिथे दाट. हे ना पाणी आहे ना धूळ. गोंद उन्हाने सुटतोय, त्यातून निघणारा वायू फिल्मखाली अडकतोय. हा फिल्मचाच दोष, आणि कंपन्यांच्या वॉरंटीत फुगे येणं, सुटणं, चिरणं आणि रंग उडणं हेच सहसा झाकलेलं असतं. मागच्या काचेवर आणखी दोन गोष्टी दिसतील, त्यांना मात्र दोष मानू नका. एक, काच गरम करणाऱ्या बारीक तारांच्या कडेने जाणारी अगदी बारीक हवेची रेष. दोन, काठावरच्या काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्यात काही मिलिमीटर पांढरट भाग. ते ठिपके काचेवर उंचवट्यासारखे भाजलेले असतात, फिल्म त्यांच्यामधल्या खळग्यात पूर्ण बसत नाही.

दुकानदार हमखास म्हणेल, तुम्ही काच लवकर खाली केली. बाजूच्या काचांना फिल्म लावल्यावर तीन ते पाच दिवस काच उघडायची नसते हे खरं, आणि त्या घाईने वरचा काठ सुटू शकतो. पण मागची काच उघडतच नाही. तिथे ही सबब लागूच होत नाही, एवढंच शांतपणे म्हणा. अमोनिया असलेल्या काचेच्या स्प्रेने पुसत होतात का, हाही प्रश्न येईल. खरं सांगा. अमोनियाने स्वस्त फिल्मचा रंग आणि गोंद दोन्ही बिघडतात, पण मग ती सूचना दुकानदाराने फिल्म लावताना दिली होती का, हा तुमचा उलटा प्रश्न आहे.

मागच्या काचेवर पांढुरके, न पुसले जाणारे ठिपके असतील तर ते वेगळ्या जातीचे. बोअरचं खारं पाणी स्प्रेच्या बाटलीत भरलं की पाणी उडून जातं आणि क्षार फिल्मखाली राहतात. बाटलीत आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी हवं, आणि लिटरमागे बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब. फिल्म काचेवर सरकायला तेवढे पुरतात. उन्हाळ्यात हात मोकळा चालावा म्हणून काही जण शाम्पू ओततात. जास्त साबणाने गोंद धरत नाही आणि काच धुरकट राहते. उन्हाळ्यात खरा उपाय वेळेचा आहे. गाडी सकाळी घ्यायची, सावलीत तासभर थंड होऊ द्यायची आणि मग फिल्म ठेवायची. तापलेल्या काचेवर पाणी क्षणात उडतं, फिल्म जागच्या जागी चिकटते आणि पट्टी ओढली की चुण्या पडतात. दुपारी एकला उन्हातून आणलेल्या गाडीवर लगेच काम सुरू करणाऱ्या दुकानात थांबू नये.

गाडी तापते, ही तक्रार सगळ्यात शेवटी मांडा, आणि जपून. सूर्याच्या उष्णतेत ढोबळ ५३ टक्के वाटा अवरक्त किरणांचा, ४४ टक्के दिसणाऱ्या उजेडाचा आणि उरलेला अतिनील किरणांचा. आता साधा हिशेब. ५० टक्के उजेड सोडणारी फिल्म त्या ४४ मधले २२ टक्के तर आत पाठवतेच, उरलेलं सगळं तिने शंभर टक्के अडवलं तरीही. ७० ची फिल्म ३१ टक्के पाठवते. म्हणून ‘९० टक्के हीट रिजेक्शन’ हे पाटीवरचं वाक्य एकूण उष्णतेबद्दल असूच शकत नाही. तो आकडा बहुधा अवरक्त पट्ट्यातल्या एखाद्याच तरंगलांबीवर मोजलेला असतो. मागायचा आकडा म्हणजे एकूण सौरऊर्जा अडवण्याचं प्रमाण, कंपनीच्या पत्रकात ‘टीएसईआर’ असं लिहिलेलं. दुकानात उष्णता सोडणाऱ्या लाल दिव्यासमोर, मधे फिल्म ठेवून, हात धरायला लावतात तो खेळ अर्ध्या मिनिटात संपवू नका. उष्णता शोषून घेणारी फिल्म सुरुवातीला थंड वाटते आणि दोन-तीन मिनिटांत स्वतः तापून आत झळ सोडते.

शिवाय फिल्म ऊन अडवते, हवा नाही. बाहेर ४५ अंशांची झळ असताना उन्हात तीन तास उभी केलेली गाडी आतून भट्टी होणारच. चांगल्या फिल्मने फरक जाणवतो तो चालत्या गाडीत: दंडावर पडणारं ऊन बोचत नाही आणि एसी लवकर आटोपतो. तेही कडेच्या काचांपुरतं, कारण डॅशबोर्ड तापतो तो पुढच्या काचेतून.

पुढच्या काचेवरून आपण चलानाकडे येऊ, आणि इथे तुमच्या ३८ च्या आकड्याची गंमत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आत यायला हवा. हा हिशेब काच आणि फिल्म मिळून आहे. दुकानदार ‘५०’ म्हणतो तो नुसत्या फिल्मचा आकडा. कंपनीतून येणारी बाजूची काच साधारण ७५ ते ८० टक्के उजेड सोडते. ७७ धरा. ७७ चे ५० टक्के म्हणजे साडेअडतीस. म्हणजे तुमचा ३८ हेच सांगतो की फिल्म बोलल्याप्रमाणे ५० चीच आहे. ‘५० म्हणजे कायद्यात बसतं’ हा सल्ला मात्र साफ चुकीचा होता. मीटरचा फोटो दाखवून ‘तुम्ही जास्त काळी फिल्म दिली’ असं म्हणालात तर तुम्ही हराल. ‘ही फिल्म लावली की काच नियमात राहते असं सांगून तुम्ही विकलीत’ असं म्हणा.

बाजूच्या काचेवर नियमात राहायचं तर फिल्म ७० ची लागते, तेव्हा कुठे ७७ वरून ५४ येतात. पुढच्या आणि मागच्या काचेवर ७० शिल्लक राहायला फिल्म ९१ च्या वरची हवी. बाजारात ‘क्लिअर’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक फिल्म तिथेही कमी पडतात. तेव्हा पुढच्या काचेवर फिल्म लावून देतो म्हणणाऱ्याला आधी मीटर काढायला सांगावं, तेही फिल्मच्या तुकड्यावर नाही, गाडीच्या काचेवर.

‘कोर्टाने परवानगी दिली’ हे वाक्य आता दुकानांत सर्रास ऐकू येतं. ते अर्धं खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालात काचेवर कुठलीही फिल्म चिकटवायला बंदी केली आणि ती ४ मे २०१२ पासून लागू झाली. तेव्हा कोर्टाचं म्हणणं असं होतं की नियमातलं प्रमाण काच बनवतानाच साधलेलं असलं पाहिजे, वरून काही चिकटवून नाही. पुढे नियम १०० मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हा शब्द आला, ज्यात आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर असलेली काचही येते. या दुरुस्तीच्या आधाराने केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की ७० आणि ५० चं प्रमाण पाळणाऱ्या फिल्मवर दंड करता येणार नाही. निकाल केरळचा आहे, आणि तिथेही सूट प्रमाण पाळणाऱ्यालाच आहे. ३८ ची काच जळगावात काय किंवा कोचीत काय, नियमाबाहेरच. चलान गाडीमालकालाच भरावं लागतं, ते दुकानदाराच्या नावावर फिरवता येत नाही. भरलेल्या दंडाची रक्कम नुकसानभरपाईत मागता येते, म्हणून पावती ठेवा.

फास्टॅगचं आधी बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक आणि टॅग ब्लॅकलिस्ट झालाय का ते पाहा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. तिथे सगळं ठीक असेल, लळिंग किंवा शिरपूरच्या नाक्यावर वरचं यंत्र वाचत नसेल, पण कर्मचाऱ्याने हातातलं यंत्र काचेजवळ आणल्यावर लगेच वाचत असेल, तर पुढच्या काचेवर धातूचा थर असलेली फिल्म असण्याचा दाट संशय आहे. तो थर रेडिओ लहरी अडवतो. टॅग फिल्मवर चिकटवला असेल तर लहर आत येताना अडते, आणि टॅग काचेवर ठेवून वरून फिल्म ओढली असेल तरी मागचा धातू टॅगचा अँटेना बिघडवतो. आरशामागे टॅगपेक्षा चहूबाजूंनी दोन बोटं मोठा चौकोन कापून काढणं हा नेहमीचा उपाय. पण पुढची फिल्म नियमाप्रमाणे काढायचीच आहे, तेव्हा तुकडे पाडण्यात अर्थ नाही. टॅग उखडला की निकामी होतो, नवा बँकेकडून घ्यावा लागेल.

दाराच्या बटणात बहुधा पाणी गेलं आहे. काच धुताना आणि फिल्म ओढताना दारावर जाड टॉवेल किंवा प्लास्टिक टाकतात, ते कुणी तरी विसरलं. वायरमनकडून बटणाचा संच उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून घ्या, बहुतेक वेळा सुटतं. पहिल्याच आठवड्यात दुकानदाराला व्हॉट्सॲपवर कळवलं असेल तर तो खर्च त्याच्याकडे मागा. तसं काही लिहिलेलं नसेल तर या मुद्द्यावर फार जोर देऊ नका.

आता मागणी कशाची करायची. माझा कौल: तीच फिल्म पुन्हा लावून घेऊ नका, आणि त्याच दुकानात दुसऱ्यांदा काम करायला एकदाच, अटींवर तयार व्हा. फिल्म काढणं-लावणं जितक्या वेळा होईल तितक्या वेळा काचेवर ओरखडे, रबराच्या बीडिंगवर ब्लेडचे घाव आणि मागच्या तारांचा धोका वाढतो. अटी अशा: बिलावर कंपनीचं नाव, फिल्मचा मॉडेल कोड, काचनिहाय टक्केवारी आणि रोल नंबर असावा. कंपनीची ई-वॉरंटी गाडीच्या नंबरवर नोंदलेली असावी, आणि ती तुम्ही दुकानाच्या फोनवर नाही, स्वतःच्या फोनवर उघडून पाहावी. फिल्म तुमच्यासमोर रोलमधून कापावी, लायनरवर (फिल्म लावताना सोलून टाकतात त्या थरावर) छापलेलं कंपनीचं नाव बिलाशी जुळावं. हे जमत नसेल तर पैसे परत, एवढंच.

तोंडी बोलण्याला किंमत नाही. असं काही लिहून स्पीड पोस्टाने पाठवा, प्रत व्हॉट्सॲपवरही टाका:

‘आपल्याकडून अमुक तारखेला अमुक क्रमांकाच्या गाडीवर सिरॅमिक फिल्म ५ वर्षांच्या हमीवर ११,५०० रुपयांना लावून घेतली. तीन महिन्यांच्या आत मागची व ड्रायव्हरकडील काच जांभळी झाली असून मागच्या काचेवर गोंद सुटून फुगे आले आहेत. फोटो जोडले आहेत. फिल्म लावल्यावर काच नियमात राहील असे सांगण्यात आले होते, प्रत्यक्ष मोजणी ३८ टक्के आहे. विकलेली फिल्म सिरॅमिक असल्याचा कंपनीचा पुरावा व रोल नंबर द्यावा, अथवा पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत पूर्ण रक्कम परत करून फिल्म सुरक्षितपणे काढून द्यावी.’

यात ‘फसवणूक’, ‘चोर’ असले शब्द घालू नका. रोल नंबर मागितला की खोटा माल विकणारा गप्प होतो, आणि त्याचं ते गप्प बसणं तुमच्या फाइलला जोडायचं.

१५ दिवसांत उत्तर नाही आलं तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. लहान रकमेच्या तक्रारी कधी कधी तिथेच मिटतात. पुढची पायरी जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता किंवा काम करता तिथे तक्रार करता येते. दुकान धुळ्याला असतं तरी तुमची तक्रार जळगावात चालली असती. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही आणि मुदत दोन वर्षं आहे. या कायद्यात बिल न देणं हीही अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल किंवा सेवा मागे घेऊन बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत न करणं हीसुद्धा तशीच. ‘एकदा लावलेली फिल्म परत होत नाही’ या काउंटरवरच्या पाटीने हे बदलत नाही. हाताने लिहिलेलं का असेना, तुमच्याकडे बिल आहे, आणि त्यावर ‘सिरॅमिक’ हा शब्द त्यानेच लिहिला आहे. तो कागद लॅमिनेट करू नका, फोटो काढून मूळ कागद जपून ठेवा.

फिल्म काढायची वेळ येईल तेव्हा, कुणीही काढो, आधी मागच्या काचेच्या तारा तपासून घ्या. म्हणजे पुढे ‘आधीच तुटली होती’ हा वाद नको. इंजिन चालू, डीफॉगर (या तारा तापवणारं बटण) चालू, मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन एका टोकाच्या जाड पट्टीला जिथे शून्य दिसेल तिथे लावा, आणि लाल पिन एकेका तारेवर टेकवत पलीकडे न्या. मीटरची पिन तारेला थेट टेकायला हवी, म्हणून फिल्म काठाशी जिथे संपते तिथे किंवा जिथे सुटली आहे तिथे टेकवा. चांगल्या तारेवर आकडा शून्यापासून बारापर्यंत चढत जातो आणि मध्यावर सहाच्या आसपास असतो. फिल्ममुळे मधे टेकवता येत नसेल तर काचेवर आतून फुंकर मारा आणि डीफॉगरने वाफ कुठल्या तारांवरून जात नाही ते पाहा, त्याचा व्हिडिओ ठेवा.

काढताना मागच्या काचेला ब्लेड लावू द्यायचं नाही. वाफेचं यंत्र दहा-पंधरा मिनिटं फिरवून गोंद मऊ करायचा, कोपरा नखाने उचलायचा आणि फिल्म तारांच्या दिशेनेच, म्हणजे आडवी, सावकाश ओढायची. उभी ओढली तर गोंदासोबत तार उचलली जाते. काचेवर राहिलेला गोंद प्लास्टिकच्या पट्टीने आणि गोंद काढायच्या द्रवाने, तोही तारांच्याच दिशेने पुसत काढायचा. मे महिन्यात वाफेचं यंत्र नसलं तरी चालतं. मागची काच दुपारच्या उन्हाकडे करून गाडी तासभर उभी ठेवली की गोंद पुरेसा मऊ होतो. काम झालं की मीटर पुन्हा लावायचा. एखाद्या तारेवर आकडा हळूहळू चढायच्या ऐवजी शून्यावरच राहिला आणि एका जागी एकदम बारावर गेला, तर तार बरोबर तिथे तुटली आहे. चांदीच्या वाहक रंगाचा बारीक फराटा मारून ती जोडता येते, आणि तो खर्च फिल्म काढणाऱ्याचा.